न वाजलेल्या घंटेचा हिशेब

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला दारात दादा हजर. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आयटीआय करून आधी एका दुकानात टीव्ही दुरुस्त करायचा, मग केबल टाकायला लागला, आणि गेली सहा-सात वर्षं स्वतःचा धंदा करतोय. सीसीटीव्ही आणि चोरीचे अलार्म बसवायचा. हाताखाली दोन पोरं आणि एक सेकंडहँड व्हॅन. मी आयटीत असल्यामुळे आमच्या अख्ख्या खानदानाची ठाम समजूत आहे की इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद मला कळतो. त्यामुळे पोहे संपायच्या आत त्याने फाइल माझ्यापुढे सरकवली.

झालं होतं असं, की एका सराफाच्या पेढीचं काम दादाला मिळत होतं. आजवरचं त्याचं सगळ्यात मोठं काम. पण सराफाच्या वकिलाने अट घातली होती, की अलार्म बसवणाऱ्याकडे लायबिलिटी इन्शुरन्स पाहिजे. एजंटने दोन पॉलिसी काढून दिल्या होत्या. एक होती साधी पब्लिक लायबिलिटी, दुसरी प्रोफेशनल इन्डेम्निटी, आणि दुसरीचा हप्ता पहिलीच्या जवळजवळ तिप्पट.

"अरे, स्वस्तातली घेतो. वकिलाला कागदच दाखवायचाय ना?" दादा म्हणाला.

मीही 'घे की' म्हणणारच होतो. पण कुठलंही डॉक्युमेंटेशन शेवटून वाचायची माझी सवय. स्वस्त पॉलिसीच्या शेवटी, काय काय वगळलं आहे त्या यादीत, एक ओळ होती. तिचा अर्थ साधारण असा : तुम्ही बसवलेली वस्तू ज्या कामासाठी बसवली, ते काम तिने केलं नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर आमचा संबंध नाही. आता अलार्मचं काम एकच, वेळेला वाजणं. तो वाजला नाही तर विमा नाही. मग हा विमा नक्की कशाचा?

या एका प्रश्नामागे माझा शनिवार-रविवार गेला. पण मजा अशी, की उत्तर विम्याच्या पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं अमेरिकेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात.

सुरुवात एका पाद्र्यापासून होते. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावचा ऑगस्टस रसेल पोप हा धर्मोपदेशक. विजेचा नाद असलेला. २१ जून १८५३ रोजी त्याला विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट मिळालं. रचना अगदी साधी : दारं-खिडक्यांना संपर्कपट्ट्या, एक बॅटरी, एक विद्युतचुंबक. दार उघडलं की सर्किट पूर्ण होतं, चुंबक हातोडी ओढतो आणि घंटा वाजते. चोराने घाईघाईने दार परत लावलं तरी घंटा वाजत राहावी, अशीही सोय त्यात होती.

पोपला धंदा काही करता आला नाही. १८५७ मध्ये त्याचे हक्क एडविन होम्स नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. दुसऱ्याच वर्षी पोप वारला. होम्सने बॉस्टनमध्ये थोडा प्रयत्न केला आणि १८५९ मध्ये सरळ न्यूयॉर्क गाठलं. का, तर चोर तिथे जास्त! मार्केट रिसर्च म्हणतात तो हाच :)

इथे इंजिनियर मंडळींसाठी एक छोटीशी गंमत. पोपच्या सर्किटमध्ये शांततेच्या वेळी करंट वाहत नसे. म्हणजे चोराने बाहेरून वायर कापली तर घंटा गप्प. मालकाला वाटणार सगळं ठीक आहे. पुढे या धंद्याने उलटी पद्धत धरली : करंट सतत वाहता ठेवायचा आणि तो तुटला की बोंब मारायची. आपण सर्व्हरला दर काही सेकंदांनी 'जिवंत आहेस का रे?' विचारतो ना, तसंच. ज्याने प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्याला ठाऊक आहे, की एरर देऊन पडणारी सिस्टीम परवडते. काही न बोलता मेलेली सिस्टीम घात करते. अलार्मच्या धंद्याचा सगळा इतिहास, तांत्रिक आणि कायद्याचाही, या मुक्या मरणाभोवतीच फिरतो.

तोवर होम्स वस्तू विकत होता. घंटा विकली, पैसे घेतले, विषय संपला. १८७० च्या दशकात चित्र बदललं. घरात वाजणारी घंटा घरचे ऐकतील, पण रात्री बंद दुकानात कोण ऐकणार? म्हणून बँका आणि जवाहिऱ्यांच्या दुकानांमधून वायरी काढून त्या एका मध्यवर्ती ऑफिसात आणल्या. तिथे रात्रभर माणूस जागा. सिग्नल आला की तो शिपाई पाठवणार. १८७४ मध्ये अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ, म्हणजे आजची एडीटी, स्थापन झाली. १८७७ मध्ये होम्सच्या मुलाने बॉस्टनच्या ऑफिसात याच वायरींवर ग्रॅहॅम बेलचे टेलिफोन जोडून पाहिले. दिवसा टेलिफोन, रात्री चोर-घंटा. जगातल्या पहिल्या टेलिफोन स्विचबोर्डांमध्ये त्याची गणना होते.

पण माझ्या मते इथे त्याहून मोठी एक गोष्ट घडली. आधी होम्स घंटा विकत होता, आता तो वचन विकायला लागला. "तुम्ही झोपा, आम्ही जागे आहोत." आणि वचन आलं की ते मोडल्याचा हिशेबही आला.

साधारण त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे विमा कंपन्याही नव्या वाटा शोधत होत्या. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये कामगारांना झालेल्या इजेबद्दल मालकाला जबाबदार धरणारा कायदा आला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये एम्प्लॉयर्स लायबिलिटी अॅश्युरन्स कॉर्पोरेशन उभी राहिली. स्वतःच्या नुकसानीचा विमा जुनाच होता. दुसऱ्याचं आपल्या हातून झालेलं नुकसान भरून द्यायचा विमा आता धंदा म्हणून उभा राहत होता. त्या दशकाच्या अखेरीस लॉइड्समधल्या कथबर्ट हीथने घरफोडीचा विमा विकायला सुरुवात केली. १८९४ मध्ये शिकागोत विल्यम मेरिलने विमा कंपन्यांच्या पाठबळावर विजेच्या वस्तू तपासायची प्रयोगशाळा काढली. तीच अंडररायटर्स लॅबोरेटरीज. आपल्या कितीतरी चार्जरांवर 'यूएल' छापलेलं असतं, ते तिचंच.

म्हणजे चोरीच्या भीतीवर आता दोन धंदे जगत होते, अलार्म आणि विमा. दोघांचा हिशेब मात्र अगदी वेगळा. विमा कंपनी हप्ता ठरवते तो मालाच्या किमतीवरून. एक कोटीचं सोनं असेल तर एक कोटीचा हप्ता. अलार्मवाला पैसे घेतो ते वायर, सेन्सर आणि मजुरीचे. दुकानात एक कोटीचं सोनं असो की दहा लाखांचं, सहा सेन्सरचे पैसे तेवढेच. मग चोरी झाल्यावर त्याने कोटभर रुपये कुठून भरायचे? म्हणूनच या धंद्याच्या करारांमध्ये एक वाक्य घट्ट रुजून बसलं : 'आम्ही विमा कंपनी नाही.' आणि त्याखाली दुसरं : 'आमच्या चुकीने नुकसान झालं तरी आमची जबाबदारी अमुक इतक्याच रकमेपुरती.' रक्कम बहुतेक वेळा नाममात्रच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही शुद्ध पळवाट वाटली. नंतर कागदावर आकडे मांडून बघितले आणि पटलं, की हे वाक्य नसतं तर हा धंदाच टिकला नसता.

पण कोर्टाने हे वाक्य मानायचं की नाही? त्यासाठी तीन जुने निकाल बघायला लागतात. (कंटाळू नका, तिन्ही गोष्टीसारखे आहेत.)

पहिला १८४२ चा, इंग्लंडमधला. टपालाची घोडागाडी मोडली आणि गाडीवान जखमी झाला. गाडी नीट ठेवायचा ठेका राइट नावाच्या माणसाकडे होता, पण त्याचा करार होता पोस्टमास्टर जनरलशी. कोर्ट म्हणालं, गाडीवानाशी करारच नाही, तर त्याला भरपाई कसली?

दुसरा १९१६ चा, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा. ब्यूक गाडीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले आणि मालक मॅकफर्सन जखमी झाला. गाडी त्याने डीलरकडून घेतली होती, कंपनीशी करार नव्हता. पण न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ब्यूकला जबाबदार धरलं. निष्काळजीपणे बनवलेली वस्तू माणसाच्या जिवावर उठणार असेल, तर कराराआड लपता येणार नाही.

तिसरा १९२८ चा. कोर्ट तेच आणि न्यायमूर्तीही कार्डोझोच. रेन्सेलर शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीने आगीच्या वेळी पुरेशा दाबाने पाणी दिलं नाही आणि एक गोदाम जळालं. गोदामवाला कोर्टात गेला आणि हरला. कारण काय, तर कंपनीने नुकसान घडवलं नव्हतं, फक्त मदत पोचवली नव्हती. तिच्यावर जबाबदारी टाकली, तर ती कुठे जाऊन थांबणार?

आता अलार्मवाल्याला यात कुठे बसवणार? मोडकं चाक बनवणाऱ्यात की न आलेल्या पाण्यात? त्याच्या हातून माल कुणी चोरलेला नसतो. चोर चोरतो, आग जाळते. अलार्मवाला फक्त गप्प राहिलेला असतो.

याचं उत्तर त्याच कोर्टाने १९९२ मध्ये दिलं. मॅनहॅटनमध्ये ८१०, सेव्हन्थ अॅव्हेन्यू ही ४२ मजली इमारत. तिच्या आगीच्या अलार्मवर लक्ष ठेवायचं काम होम्स प्रोटेक्शनकडे. हो, तोच होम्स, १८५९ मध्ये चोर शोधत न्यूयॉर्कला आलेल्याची कंपनी. इमारतीच्या इंजिनियरने होम्सला फोन केला आणि सिस्टीम चालू धरायची की बंद, यावरून डिस्पॅचरचा घोळ झाला. नंतर खरोखर आग लागली, सिग्नल आले, आणि त्याने ते सोडून दिले. त्याच्याकडून अग्निशमन दलाला फोन गेलाच नाही.

करारात ती दोन्ही वाक्यं होतीच. कोर्टाने काय म्हणावं? साध्या चुकीपासून ही वाक्यं तुम्हाला वाचवतील, पण घोर निष्काळजीपणापासून नाही. शिवाय आगीचा अलार्म हा दोन पक्षांमधला नुसता खाजगी सौदा नव्हे, त्यात लोकांचं हित गुंतलेलं आहे, म्हणून काळजी घ्यायचं कर्तव्य कराराच्याही बाहेर उरतं. निष्काळजीपणा घोर होता की नाही, ते ज्युरीने ठरवावं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, त्याच कोर्टापुढे उलटं प्रकरण. कोल्नागी नावाच्या आर्ट गॅलरीत चोर छतातल्या काचेच्या झरोक्यातून उतरले आणि चित्रं घेऊन गेले. त्या झरोक्याला अलार्मची वायर जोडलेलीच नव्हती. गॅलरीने अलार्म कंपनीवर दावा लावला. कोर्ट म्हणालं, झरोका सोडणं ही चूक असेल, पण घोर निष्काळजीपणा नव्हे. करारातलं वाक्य लागू. गॅलरी हरली.

एका वर्षाच्या अंतराने दोन निकाल आणि मध्ये एक बारीक रेघ. त्या रेघेच्या अलीकडे तुम्हाला कागद वाचवतो, पलीकडे कागद रद्दी. आणि तुम्ही रेघेच्या कुठल्या बाजूला आहात हे कळतं कधी, तर सगळं झाल्यावर, कोर्टात, वकिलाची फी भरून. लायबिलिटी इन्शुरन्स मुळात लागतो तो इथे. चांगली पॉलिसी भरपाईबरोबर बचावाचा खर्चही उचलते, आणि छोट्या धंद्याला बुडवायला कधीकधी तेवढा खर्चच पुरतो.

आता पॉलिसीकडे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास 'कॉम्प्रिहेन्सिव्ह जनरल लायबिलिटी' नावाचा प्रमाण नमुना आला. १९६६ मध्ये त्यातल्या 'अपघात' या शब्दाची जागा 'घटना' या जास्त व्यापक शब्दाने घेतली. १९८६ मध्ये तर नावातलं 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' जाऊन 'कमर्शियल' आलं. सर्वसमावेशक म्हटलं की लोक सगळंच मागायला लागतात! त्याच वेळी जुन्या नमुन्याबरोबर आणखी एक प्रकार आला, 'क्लेम्स-मेड'. जुन्या प्रकारात नुकसान कधी झालं ते बघतात. क्लेम्स-मेडमध्ये दावा कधी आला ते बघतात. प्रोफेशनल इन्डेम्निटी साधारण या दुसऱ्या प्रकारची असते.

जनरल किंवा पब्लिक लायबिलिटी मुळात अंगावर पडणाऱ्या गोष्टींसाठी आहे. शिडी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडली, ड्रिल पाण्याच्या पाइपात घुसलं, अशा गोष्टी. तीही लागतेच. पण अलार्म गप्प राहिल्याने झालेली चोरी ही कामातली चूक, आणि तिच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी. दादाच्या फाइलमधल्या दोन्ही पॉलिसी एकाच गोष्टीच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्या नव्हत्याच. त्या दोन वेगळ्या भीतींच्या पॉलिसी होत्या.

"हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे कोण बघतंय?" रविवारी संध्याकाळी दादाने विचारलं.

आपल्याकडेही बघतात. १९९६ मध्ये भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने कुरियरच्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा मान्य केली. सही केलीत ना, मग बांधील. पण २०२१ मध्ये बँकेच्या लॉकरच्या खटल्यात त्याच कोर्टाने बजावलं, की लॉकरमध्ये काय आहे आम्हाला माहीत नाही असं म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत. मग रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नियम केले : आग, चोरी, घरफोडी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत. मात्र लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँकेने काढायचा नाही. होम्सच्या करारातला जुना वाद, फक्त मध्यम तोडगा काढलेला. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष सेवा देणाऱ्याचीही जबाबदारी सांगितली आहे.

मग आम्ही बसून चार गोष्टी ठरवल्या.

एक, दोन्ही पॉलिसी घ्यायच्या. इन्डेम्निटीच्या कागदात 'अलार्म बसवणे, देखभाल आणि देखरेख' हे शब्द स्पष्ट पाहिजेत, आणि यंत्रणा न चालल्याने झालेली चोरी वगळलेली नाही, हे एजंटकडून लेखी. पोरं शिडीवरून पडली तर त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी, या दोन्हींत ते येत नाही.

दोन, इन्डेम्निटीची मागची तारीख. आधीच्या सहा-सात वर्षांत बसवलेले अलार्म तिच्यात धरतात का? आणि एक वर्ष हप्ता चुकला तर जुनी सगळी कामं उघडी पडतात, हे कॅलेंडरवर लाल शाईने.

तीन, करारात जबाबदारीची मर्यादा घालायची, आणि ती पॉलिसीच्या रकमेच्या आत ठेवायची. अगदी शंभर रुपये लिहून कोर्टाचा राग ओढवून घ्यायचा नाही.

चार, कुठे सेन्सर बसवला आणि कुठे नाही, त्याचा नकाशा आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही. दर टेस्टिंगची तारखेसकट नोंद.

चौथ्या मुद्द्यावर दादा एकदम गप्प झाला. चहा निवला तरी कपाला हात लावेना. मग हळूच म्हणाला, "मागच्या दिवाळीत एका मेडिकल स्टोअरचं काम केलं. मागच्या बाजूला मोरीवर व्हेंटिलेटर आहे. मालक म्हणाला, एवढ्याशा भोकातून कोण येतंय, नको तिथे सेन्सर. मी सोडून दिला. लिहून काही घेतलं नाही."

मी त्याला झरोक्याचा निकाल परत सांगितला, की अलार्मवाला जिंकला म्हणून. त्याने मान हलवली. "तो जिंकला रे. पण चित्रं गेली ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवार-रविवार खर्चून मी जे वाचलं त्यात या प्रश्नाचं कलम कुठेच नव्हतं. विमा पैसे भरतो, करार नुकसान मर्यादेत ठेवतो, पण त्या भोकात सेन्सर दोघांपैकी कुणीच लावत नाही. सोमवारी सकाळी दादा स्वतःच्या खर्चाने तो लावून आला.

ता.क. सराफाचं काम मिळालं. करार वाचताना मर्यादेच्या कलमावर सराफ अडले. "म्हणजे माझं सगळं सोनं गेलं तर तुम्ही एवढेच देणार?" दादा म्हणाला, "काका, सोन्याचा विमा तुम्ही काढायचा, त्यासाठी ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी असते. माझा विमा माझ्या चुकीचा." सराफ थोडा वेळ बघत राहिले आणि मग सही केली. मला मात्र घरात आता कायमची बढती मिळाली आहे. काल मावशीचा फोन होता, तिच्या मेडिक्लेमचे कागद घेऊन येत्या शनिवारी येतेय.